मित्राची शुश्रूषा आणि तिचा मेहनताना

रक्ताच्या नात्याला कायदा आपण होऊन ओळखतो. मैत्रीला मात्र आपली ओळख कागदावर पटवून द्यावी लागते. पती अंथरुणाला खिळला तर पत्नीकडे कोणी दाखला मागत नाही, आणि पित्याच्या पश्चात पुत्राचे नाव वारस म्हणून दप्तरात सहज लागते. परंतु जिने अर्धे आयुष्य सुखदुःखात साथ केली, आणि आता जी रोज सकाळी येऊन स्नान घालते, औषध देते, दोन घास भरवते, त्या मैत्रिणीला रुग्णालयात, पेढीत आणि सरकारी कचेरीत ‘आपण यांच्या कोण?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारला जातो. अमेरिकेत आयुष्य घालविलेल्या मराठी मंडळींपुढे हा प्रश्न आज विशेष प्रकर्षाने उभा आहे. १९६५ च्या ऑक्टोबरात तेथील आगमनविषयक कायदा बदलला आणि आपल्याकडील डॉक्टर, इंजिनिअर व प्राध्यापक यांना त्या देशाचा दरवाजा खुला झाला. त्या पहिल्या पिढीतील हयात मंडळी आता सत्तरी-ऐंशी ओलांडीत आहेत. कोणाची मुले दुसऱ्या किनाऱ्यावर नोकरीला, कोणाला अपत्य नाही, कोणाचा जोडीदार निवर्तलेला; अशा वेळी हाकेसरशी धावून येतो तो बहुधा महाराष्ट्र मंडळात जुळलेला एखादा जुना स्नेही. त्या स्नेह्याने आपली नोकरी कमी करून वा सोडून शुश्रूषेचा भार पत्करला, तर त्याचा मोबदला त्याला रीतसर मिळू शकतो काय, मिळत असल्यास कोठून व कोणत्या अटींवर, याची नेमकी माहिती फार थोड्यांना असते. ती द्यावी हा या लेखाचा हेतू आहे. तपशील राज्यागणिक बदलतो. म्हणून जेथे मराठी वस्ती मोठी आहे ते कॅलिफोर्निया राज्य मी मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवले आहे.

मोबदला घेण्यात उणेपणा नाही

शुश्रूषेला आपण पुण्यकर्म मानतो, आणि पुण्याचे पैसे घेणे ही कल्पनाच आपल्या मनाला बोचते. ‘तुझ्याकडून पैसे घेऊ?’ असे म्हणणारा मित्र आणि ‘तू परका आहेस का?’ असे म्हणणारा रुग्ण, दोघेही अंतःकरणापासूनच बोलत असतात. पण या संकोचाची किंमत पुढे कोण भरतो याचा विचार दोघांपैकी एकही करीत नाही. अमेरिकेतील सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन आणि पासष्टीनंतरचा मेडिकेअरचा रुग्णालयीन विमा बिनहप्त्याने मिळावयाचा, तर सामान्यतः स्वतःच्या कमाईचे ४० अंश जमेस असावे लागतात. २०२५ साली १,८१० डॉलर नोंदणीकृत मिळकतीमागे एक अंश मिळे, आणि वर्षाला चाराहून अधिक अंश मिळत नाहीत. जी मैत्रीण पन्नाशीत नोकरी सोडून तीन-चार वर्षे फुकट किंवा रोखीने, बिननोंदणी सेवा करते, तिच्या खात्यावर त्या काळाची जमा शून्य लागते, आणि आपल्या वार्धक्यात तिला ती तूट भोगावी लागते. ज्याचे हित आपण चिंतितो त्याच्या म्हातारपणाला आपल्यामुळे भगदाड पडू नये, एवढ्यासाठी तरी रुग्णाने स्वतः पुढाकार घेऊन मोबदल्याची गोष्ट काढावी. मित्राने ती काढण्यापेक्षा रुग्णाने ती काढणे अधिक शोभते, आणि सोपेही जाते.

पैसा कोठून येतो

पहिला गैरसमज मेडिकेअरविषयीचा. पासष्टीनंतर मिळणारा हा विमा डॉक्टर, रुग्णालय व शस्त्रक्रिया यांचा खर्च उचलतो. परंतु निव्वळ न्हाऊ घालणे, कपडे चढविणे, जेवू घालणे अशा दीर्घकालीन सांभाळाचा खर्च तो देत नाही. तो देते मेडिकेड ही दुसरी योजना. जुलै १९६५ मध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या आगमन-कायद्याच्या आधी अवघे काही आठवडे, तीही जन्मास आली. ती केंद्र आणि राज्य यांच्या खजिन्यांतून मिळून चालते व मिळकतीची मर्यादा पाहून लाभ देते.

प्रारंभी मेडिकेडचा दीर्घ सांभाळाचा पैसा बहुतांशी शुश्रूषालयांकडेच जाई. १९८१ च्या कायद्याने राज्यांना घरी दिलेल्या सेवेवरही तो खर्च करण्याची मुभा मिळाली. त्याच्याही आधी, बालवयात पोलिओने गळ्याखाली पंगू झालेले एड रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली बर्कलेत स्वतंत्र जीवनाचे केंद्र स्थापून असा आग्रह धरला होता, की आपल्याला उचलणारा, न्हाऊ घालणारा माणूस कोण असावा हे संस्थेने नव्हे तर ज्याचे शरीर आहे त्यानेच ठरवावे. आज निरनिराळ्या राज्यांत ज्या योजनांनुसार रुग्ण स्वतः परिचारक निवडतो, त्याला काम सांगतो, त्याच्या तासांवर सही करतो, आणि पगार मात्र सरकारी खजिन्यातून निघतो, त्या सर्वांच्या मुळाशी हे तत्त्व आहे. न्यू जर्सीत अशा योजनेला ‘पर्सनल प्रेफरन्स प्रोग्रॅम’, न्यूयॉर्कमध्ये ‘कन्झ्युमर डायरेक्टेड पर्सनल असिस्टन्स प्रोग्रॅम’, टेक्सासमध्ये ‘कन्झ्युमर डायरेक्टेड सर्व्हिसेस’ असे म्हणतात. यांपैकी काही योजनांत पति-पत्नींना एकमेकांचे वेतनी परिचारक होण्यास मनाई आहे, पण मित्राला नाही. म्हणजे जेथे नात्याची वाट अडते तेथे मैत्रीची मोकळी असते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. न्यूयॉर्कच्या योजनेत आणखी एक दंडक आहे: रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारा नियुक्त प्रतिनिधी स्वतः वेतनी परिचारक होऊ शकत नाही. मालकाच्या वतीने सही करणारा आणि पगार घेणारा हात एकच नसावा, हे तत्त्व जेथे कायदा सांगत नाही तेथेही पाळावे.

याखेरीज माजी सैनिकांसाठी ‘व्हेटरन डायरेक्टेड केअर’ ही योजना आहे, व तीतही मित्राला कामावर ठेवता येते. कोणाजवळ दीर्घ सांभाळाचा खाजगी विमा असेल तर त्याची पॉलिसी काढून नीट वाचावी. कित्येक पॉलिसींत परवानाधारक संस्थेकडून आलेल्या परिचारकाचेच पैसे मिळतात, तर काहींत रुग्णाने निवडलेल्या कोणाचेही.

कॅलिफोर्नियाची रीत

कॅलिफोर्नियात या योजनेचे नाव ‘इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस’, आणि लोक तिला ‘आयएचएसएस’ म्हणतात. रुग्ण ६५ वर्षांचा वा त्याहून मोठा, अंध किंवा अपंग असावा, स्वतःच्या घरी राहत असावा, आणि मेडी-कॅलला, म्हणजे त्या राज्याच्या मेडिकेडला, पात्र असावा. येथे अनेक मराठी कुटुंबे ‘आपले स्वतःचे घर आहे, म्हणजे आपण अपात्र’ असे समजून अर्जच करीत नाहीत. वस्तुतः राहते घर सामान्यतः हिशेबात धरीत नाहीत. १ जानेवारी २०२६ पासून वृद्ध व अपंगांना लागू झालेली मालमत्तेची मर्यादा एकट्या व्यक्तीस १,३०,००० डॉलर आहे. उत्पन्नाची मर्यादा निराळी असते, व तिचा निर्णय काउंटीची कचेरी करते.

अर्ज काउंटीच्या समाजसेवा खात्याकडे करावा. त्यासोबत ‘एसओसी ८७३’ हे प्रमाणपत्र डॉक्टरांकडून भरून घ्यावे लागते व ते ४५ दिवसांच्या मुदतीत द्यावे लागते. मग खात्याचा अधिकारी घरी येऊन प्रत्येक कामाला किती वेळ लागतो याची पाहणी करतो. क्लीव्हलँडचे डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली परावलंबनाचे मापन करण्यासाठी स्नान, वस्त्रधारण, शौच, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि भोजन अशा सहा क्रिया निश्चित केल्या. या विषयातील पाहण्या आजही बहुधा याच क्रियांभोवती फिरतात. त्यांत स्वयंपाक, धुणे, बाजारहाट, डॉक्टरांकडे ने-आण ही कामे मिळविली म्हणजे मासिक तासांचा हिशेब होतो. कमाल मर्यादा दरमहा २८३ तासांची.

या पाहणीच्या दिवशी आपली माणसे एक घातक सौजन्य करतात. पाहुणा आला म्हणून आजी स्वच्छ पातळ नेसून बसतात, चहा करायला उठू पाहतात, आणि ‘कपडे कोण घालतं?’ या प्रश्नाला ‘माझं मी करते’ असे अभिमानाने सांगतात. अधिकारी तसे लिहून नेतो, आणि तास कापले जातात. तेव्हा पाहणीपूर्वी दोन आठवडे मित्राने एक रोजनिशी ठेवावी: स्नानाला किती मिनिटे लागली, रात्री कितीदा उठावे लागले, तोल केव्हा गेला, औषध कितीदा चुकले. बऱ्या दिवसाचेच नव्हे तर वाईट दिवसाचेही खरे वर्णन करावे. एक मिनिटही फुगवून सांगू नये आणि एक मिनिटही लपवू नये. स्मृतिभ्रंशामुळे रुग्णाला एकटे सोडणे धोक्याचे असेल, तर ‘संरक्षक देखरेख’ या सदराखाली तास मागता येतात व त्यासाठी ‘एसओसी ८२१’ हा डॉक्टरांनी भरावयाचा वेगळा नमुना आहे. मंजूर तास अपुरे वाटले, तर हुकूम मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत राज्याकडे सुनावणी मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. तो बजावण्यात काही उद्धटपणा नाही.

मित्राने आपल्या बाजूने ‘एसओसी ४२६’ हा नोंदणी-अर्ज द्यावा, ओळखीचे कागद दाखवावे, प्रारंभिक माहिती-वर्गास हजर राहावे, बोटांचे ठसे स्वखर्चाने देऊन पूर्वचारित्र्याची तपासणी होऊ द्यावी, आणि ‘एसओसी ८४६’ या करारावर सही करावी. हे सोपस्कार पुरे झाल्यावर तो पंधरवड्यागणिक तासांचे हजेरीपत्रक भरतो, रुग्ण ते मान्य करतो, आणि राज्य पगार देते. ताशी दर प्रत्येक काउंटीत निराळा असतो. रुग्ण रुग्णालयात दाखल असेल त्या काळाचे तास मांडता येत नाहीत. मित्र रात्रभर उशाशी बसला असला तरी नाही. येथे ‘एवढे तर केलेच आहे’ म्हणून खोटे तास लिहिण्याचा मोह होतो. तो गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा दोघांनाही भोवते. मित्र रुग्णाच्याच घरी राहत असेल, तर अमेरिकन महसूल खात्याच्या २०१४ सालच्या सातव्या सूचनेनुसार या वेतनावर प्राप्तिकर लागत नाही. त्यासाठी ‘एसओसी २२९८’ हे स्वयंघोषणापत्र द्यावे.

पदरचा पैसा असेल तर

सरकारी मर्यादेत न बसणारे अनेकजण स्वतःच्या शिलकीतून मित्राला देऊ इच्छितात. हा मार्ग सोपा वाटतो, आणि घोटाळे येथेच अधिक होतात. कारण रुग्ण काम सांगतो, वेळ ठरवितो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने मित्र हा घरगुती नोकर आणि रुग्ण हा मालक ठरतो, मग दोघांच्या मनात ते शब्द असोत वा नसोत. २०२५ साली एका घरगुती नोकराला वर्षात २,८०० डॉलर वा अधिक रोख वेतन दिले, तर सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर यांसाठी दोन्ही बाजूंनी ७.६५ टक्के भरणे प्राप्त होते. ही मर्यादा दरवर्षी तपासावी. मालकाने आपल्या प्राप्तिकराच्या पत्रकास ‘शेड्यूल एच’ जोडावे आणि मित्राला ‘डब्ल्यू-२’ द्यावे. कॅलिफोर्नियात एका तिमाहीत ७५० डॉलर वेतन दिले की राज्याच्या रोजगार खात्याकडे नोंदणी करावी लागते. तेथील किमान वेतन २०२५ साली ताशी १६.५० डॉलर होते. शिवाय वैयक्तिक परिचारकाला दिवसाला ९ वा आठवड्याला ४५ तासांपुढील कामाचा दीडपट मेहनताना द्यावा असा तेथील घरकामगारांच्या हक्कांचा कायदा सांगतो. मुलगा, भाऊ, पत्नी अशा निकटच्या नातलगांना तो कायदा वगळतो. मित्राला वगळीत नाही.

या सर्वांच्या आधी करारनामा हवा. त्यात कामांची यादी, वार व वेळा, ताशी दर, पगाराचा दिवस, रजा, मित्र स्वतः आजारी पडला तर पर्यायी व्यवस्था, मोटारीच्या इंधनाचा खर्च, घराच्या किल्ल्या कोणाकडे, किती दिवसांच्या पूर्वसूचनेने कोणी मोकळे व्हावे, एवढ्या गोष्टी स्पष्ट लिहाव्या; दर परिसरातील चालू दराइतका असावा; तारीख घालून दोघांनी सह्या कराव्या; पगार धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावा. मागील सेवेची भरपाई म्हणून आज एकरकमी रक्कम देणे मात्र टाळावे. पुढे रुग्णाला शुश्रूषालयात जावे लागून मेडिकेडसाठी अर्ज करण्याची वेळ आली, तर बहुतेक राज्ये मागील ६० महिन्यांतील देण्याघेण्याची छाननी करतात. पूर्वलिखित करार नसेल तर मित्राला दिलेला पैसा वेतन न ठरता बक्षीस ठरतो, आणि त्या प्रमाणात रुग्णाचे साह्य लांबणीवर पडते.

ज्याला कामाची मुभा नाही

हा इशारा येथील, महाराष्ट्रातील, वाचकांसाठीही आहे. पुण्याची वा नागपूरची निवृत्त मैत्रीण पर्यटकाच्या व्हिसावर सहा महिने जाऊन तिकडील मैत्रिणीची शुश्रूषा करील आणि त्याबद्दल काही रक्कम घेईल, असा बेत कित्येक घरांत सहज होतो. त्या व्हिसावर वेतन घेणे बेकायदेशीर आहे. कामाच्या बदल्यात दिलेले अन्न व निवारा हाही मोबदलाच गणला जातो. एच-४ व्हिसावरील गृहिणीलाही कामाचा स्वतंत्र परवाना असल्याशिवाय पगार घेता येत नाही. अशा व्यवहाराने पुढील प्रवेशाचा वा कायम वास्तव्याचा मार्ग बंद होऊ शकतो. म्हणून परवाना पाहिल्यावाचून पैशाची भाषा करू नये. रुग्णाच्या बाजूनेही एक अट ध्यानात ठेवावी: १९९६ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्डवर आलेल्या बहुतेक प्रौढांना केंद्राचे मेडिकेड पहिली ५ वर्षे मिळत नाही. आईवडिलांना नुकतेच तिकडे बोलावून घेणाऱ्यांनी हे आधीच हिशेबात धरावे.

मैत्रीचे अन्य दस्तऐवज

वेतनाचा कागद झाला म्हणजे मित्राला रुग्णालयात अधिकार मिळाला असे होत नाही. १९९६ च्या ‘हिपा’ कायद्यामुळे रुग्णाची माहिती गोपनीय असते. मित्राशी डॉक्टरांनी मोकळेपणाने बोलावे यासाठी रुग्णाने लेखी संमती देऊन ठेवावी. रुग्णाची वाचा वा शुद्ध हरपल्यास वैद्यकीय निर्णय कोणी घ्यावे हे ‘ॲडव्हान्स हेल्थ केअर डायरेक्टिव्ह’मध्ये लिहावे, कॅलिफोर्नियात तो दस्तऐवज दोन साक्षीदारांसमोर किंवा नोटरीसमोर करता येतो. पैशाच्या व्यवहारासाठी मुखत्यारपत्र करावे. सोयीसाठी मित्राचे नाव बँकेच्या खात्यावर संयुक्त म्हणून घालणे धोक्याचे, कारण रुग्णाच्या मृत्यूनंतर अशी शिल्लक सामान्यतः उरलेल्या खातेदाराची होते आणि वारसांशी कलह उद्भवतो. मित्राने रुग्णाच्या पैशातून केलेल्या प्रत्येक खरेदीची पावती जपून वेगळा जमाखर्च ठेवावा, आणि तो परगावच्या मुलांना दरमहा न मागता पाठवावा. संशयाला जागा उरली नाही म्हणजे कृतज्ञतेला उरते.

जो मित्र अद्याप नोकरीत आहे त्याच्यासाठी कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून एक मोलाची सोय केली आहे. पाच वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेतील पात्र कर्मचारी, कुटुंबासमान असलेल्या एका व्यक्तीला ‘नियुक्त व्यक्ती’ म्हणून नमूद करून, तिच्या गंभीर आजारात वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत रजा घेऊ शकतो. रजा बिनपगारी असते, पण नोकरी शाबूत राहते. मैत्रीला कायद्याने नात्याच्या पंक्तीला बसविल्याचे हे विरळ उदाहरण आहे.

मृत्युपत्राविषयी मात्र फार सावध असावे. त्याच राज्याच्या प्रोबेट कोडाचे कलम २१३८० असे मानून चालते, की परावलंबी व्यक्तीने आपली सेवा करणाऱ्या परिचारकाला सेवाकाळात लिहून दिलेले दान दबावाखाली दिले असावे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार परिचारकावर पडतो. सेवेपूर्वीपासूनचा स्नेह असलेल्या आणि विनामोबदला सेवा करणाऱ्या मित्राला, काही मुदतींच्या अटींवर, यातून सूट आहे. पण वेतन घेऊ लागताच ती सूट राहत नाही. म्हणून वेतनी मित्राला काही ठेवावयाचे असेल, तर रुग्णाने त्याच्याशी काही संबंध नसलेल्या स्वतंत्र वकिलाची गाठ घ्यावी, मित्राला खोलीबाहेर ठेवून आपला हेतू सांगावा, आणि त्या वकिलाचे प्रमाणपत्र मृत्युपत्रासोबत ठेवावे. हा मित्रावरील अविश्वास नव्हे. उद्या त्याच्यावर येऊ शकणाऱ्या आरोपाचे ते आगाऊ निवारण आहे.

कामाची मर्यादा

मैत्रीत काम संपण्याची वेळ नसते, नोकरीत असते. तेव्हा ती ठरवून घ्यावी. आठवड्यातून एक दिवस तरी दुसरे कोणी येईल अशी तजवीज असावी, आणि मित्राने त्या दिवशी रुग्णाकडे जायचेच असेल तर परिचारक म्हणून नव्हे, गप्पांसाठी जावे. दर तीन महिन्यांनी दोघांनी कराराचा कागद समोर घेऊन बसावे, काय वाढले, काय जमत नाही, हे निखालस बोलावे. उचलताना मित्राची पाठ दुखावू लागली, रात्रीची झोप उडाली, तर त्याने वेळीच सांगणे हा रुग्णाशी प्रामाणिकपणाच आहे; कारण थकून अकस्मात निघून जाणारा मित्र रुग्णाला मध्येच निराधार करतो.

शेवटी एकच विनंती. वर सांगितलेल्या मुखत्यारपत्राला, वैद्यकीय निर्देशाला, करारनाम्याला आणि मृत्युपत्राला वैधता येते ती सही करणाऱ्याची बुद्धी शाबूत असेपर्यंतच. स्मृती गेल्यावर केलेली सही निरुपयोगी होते, आणि मग कोणाची इच्छा काय होती याचा निर्णय न्यायालयाकडे जातो. आजार येण्याची वाट पाहू नये. ज्या मित्राच्या भरवशावर आपण म्हातारपण काढणार आहोत त्याला या महिन्यातच घरी बोलवावे, मोबदल्याचा विषय आपण स्वतः काढावा, काउंटीच्या कचेरीकडून अर्जाचे नमुने मागवावे, मिळकतीचा प्रश्न असेल तेथे वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि आपल्या मैत्रीला कागदाचा आधार आपल्या हयातीतच, आपल्याच सहीने द्यावा.